बेनच्या नावाचं रक्त

दुपारची जेवणं झाली की नदीकाठचं ते मुलांचं इस्पितळ सरळ आडवं व्हायचं. औषधवाला काउंटरमागे, वॉर्डबॉय रिकाम्या स्ट्रेचरवर, नर्सा व्हरांड्यात टांगलेल्या झोळ्यांमध्ये आणि पोरांचे आईबाप पलंगांखाली चटया टाकून. डेंग्यूचा मोसम होता, एकेका पलंगावर दोन-दोन पोरं होती, पण झोप म्हणजे झोप. जागी असायची ती फक्त डॉक्टर लोआन आणि तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतलं तिचं यंत्र.

"हिचं लग्न त्या फ्रीझरशी लागलंय," असं सेन नर्स येईल त्याला सांगायची. "नवरा थंड आहे, पण घर सोडून कुठं जात नाही."

लोआन हसून सोडून द्यायची. फ्रीझरमध्ये काय आहे ते तिला ठाऊक होतं. कितीतरी वर्षांत या इस्पितळात तापानं येऊन गेलेल्या पोरांचं थोडं थोडं रक्त तिथे गोठवून ठेवलेलं होतं. काही पोरं बरी होऊन शाळेत गेली होती, काही कुठेच गेली नव्हती.

डेंग्यूचा कावा असा, की ताप चढलेला असतो तोवर पोर तसं सुखरूप असतं. मग ताप उतरतो. पोर हसतं, खायला मागतं, आई पिशवी भरायला घेते. आणि नेमकं तेव्हाच काही थोड्या पोरांच्या रक्तवाहिन्या आतल्या आत पाझरायला लागतात. बाहेर रक्ताचा एक थेंब दिसत नाही आणि पोर थंड पडत जातं. कुठलं पोर तसं करणार, हे चेहऱ्यावरून भल्याभल्या डॉक्टरांना सांगता येत नाही. लोआनचं म्हणणं होतं की रक्ताला ते आधी कळतं. रक्तवाहिन्यांचं अस्तर उसवू लागलं की त्यातून एक प्रथिन सुटतं, आणि ताप अंगात असतानाच ते मोजता येतं. आकडा वर गेला की त्या पोरावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. म्हणणं खरं की खोटं हे पाहायला ती ज्यांचं पुढे काय झालं ते ठाऊक आहे अशा पोरांचं जुनं रक्त आणि वॉर्डातल्या पोरांचं ताजं रक्त यंत्रात एकत्र लावायची. यंत्राला कोण जिवंत, कोण मेलेलं, काही ठाऊक नसायचं.

त्या दुपारी यंत्रानं आकडे दिले आणि लोआन खुर्चीतून उठलीच. सगळ्यांत वरचं नाव होतं फान वान बेन. आकडा इतका वर, की बाकीचे सगळे त्याच्या पायाशी.

तिनं टाळी वाजवली. बेन तिला चांगला आठवत होता. ती इथे शिकाऊ होती तेव्हाचा, पुढचे दोन दात पडलेला सहा वर्षांचा पोरगा. बेन म्हणजे टिकणारा. बापानं हौसेनं ठेवलेलं नाव, आणि पोर इस्पितळात चार दिवससुद्धा टिकलं नाही. त्याचं रक्त लोआननंच काढलं होतं. "हे परत कधी देणार?" असं त्यानं विचारलं होतं आणि ती "उद्या" म्हणाली होती. आज त्याच रक्तानं तिचं म्हणणं खरं केलं होतं. ताप होता तेव्हाच ते ओरडून सांगत होतं, ऐकायला कुणाकडे कान नव्हते.

मग तिला स्वतःचीच लाज वाटली. मेलेल्या पोराच्या रक्तावर टाळ्या वाजवणारी बाई, तिला काय म्हणावं? मान खाली घालून ती उरलेल्या नळ्या जागेवर ठेवायला फ्रीझरकडे गेली.

खण ओढला, आणि बेनची नळी तिच्या जागेवर होती.

तिच्यावरचा बर्फाचा थर कुणी मोडला नव्हता. लोआननं तो नखानं खरवडला. खाली तिच्याच जुन्या गोलगोल अक्षरात नाव आणि गाव होतं. सकाळी तिनं वरची ओळ काढली होती, ही नव्हे. या नळीला इतक्या वर्षांत कुणाचा हात लागला नव्हता.

मग यंत्राला बेनचं रक्त दिलं कुणी?

ती परत आली तेव्हा तिच्या मानेवर घाम आला होता, आणि खोली तर गारठवलेली. यंत्रातली नळी तिनं उचलून पाहिली. तेच नाव, तेच गाव. हलवल्यावर रक्त नळीत डुचमळलं. गोठवलेलं नव्हतं ते. आज सकाळी कुणाच्या तरी दंडातून निघालेलं होतं.

या मुलखात फान ढिगानं आहेत, बेनही असतील, असं तिनं स्वतःला समजावलं. पण गाव इतकं लहान, की त्या गावाची होडी आली तर तीन माणसं उतरायची. जिना चढता चढता तिनं पायांना सांगितलं, पळू नका. पाय पळाले.

सेन झोळीत तोंडावर टोपी टाकून पडली होती. लोआननं झोळीच हलवली.

"सेनताई, उठ. फान वान बेन. सकाळी त्याचं रक्त तू काढलंस?"

"मीच काढलं. खिडकीजवळचा पलंग," टोपीखालून आवाज आला.

"अगं, पण तो तर गेलाय!"

"गेला की. आत्ताच गेला. ताप उतरला, तर ती बाई थांबायला तयार होईना."

सेन दोन वर्षांमागे दुसऱ्या इस्पितळातून बदलून आलेली, तिला जुना बेन ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"गेला म्हणजे कुठं गेला?"

"घरी. फेरीबोटीवर. अशी काय बघतेस? भूत बघितलंस का?"

"पोरगा कसा होता? किती वर्षांचा?"

"असेल पाचाचा. शहाणं पोर, टोचलं तरी रडलं नाही. घरात बेडक्या म्हणतात त्याला. सोबत आई नव्हती, मावशी होती."

लोआननं पुढचं ऐकलं नाही. कोण का असेना तो, तो आकडा आज सकाळच्या रक्ताचा होता. आणि ताप उतरला होता.

इस्पितळाच्या मागच्या फाटकातून धक्का दिसतो. ऊन असं होतं की सावल्यासुद्धा पायाखाली दडल्या होत्या. फेरीबोट लागलेली, फळी टाकलेली, आणि फळीवर गर्दी. सगळ्या बायकांच्या डोक्यावर पानाच्या टोकदार टोप्या, उन्हासाठी तोंडावर फडकी. एकीसारखी दुसरी. निम्म्याजणींच्या कडेवर पोरं, पोरांच्याही तोंडावर फडकी.

"बेन!" लोआन ओरडली. "ए बेन!"

काही टोप्या वळल्या, पुन्हा सरळ झाल्या. एका पोरानंही हूं केलं नाही. पेज विकणारी म्हातारी तेवढी पळी हातात धरून बघत राहिली.

"फान वान बेन!"

कुणीच नाही. बोटीनं भोंगा दिला. आकडा डोळ्यांपुढे आणि पोर डोळ्यांआड, असं झालं तिला. ती गर्दीत शिरली, एकीचं फडकं ओढलं, शिव्या खाल्ल्या, दुसरीची टोपी पाडली. रडू यायच्या बेतात असताना तिच्या तोंडून ते आपोआप निघालं. या मुलखात बाईला कोण नावानं हाक मारतो?

"बेनची आई! ओ बेनची आई!"

फळीच्या मध्यावर एका बाईच्या हातातली पिशवी खाली पडली.

ती वळली नाही. नुसती उभी राहिली. मागचे लोक तिला ढकलून, बडबडत पुढे गेले. लोआन गर्दीतून तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. फडक्यावरचे डोळे लोआननं ओळखले. थोम, बेनची आई. मावशीबिवशी कुणी नव्हती.

"ती हाक मारू नका," थोम दबक्या आवाजात म्हणाली. "पाया पडते, डॉक्टरीणबाई. पाण्यावर ते नाव घेऊ नका."

"हा पोरगा कोण?"

"बहिणीचा."

"थोमताई!"

"मावशी, पोट दुखतंय," कडेवरचं पोर म्हणालं आणि त्यानं मान तिच्या खांद्यावर टाकली.

लोआननं त्याचा लोंबकळणारा पाय हातात घेतला. त्या भट्टीसारख्या दुपारी तो पाय गार होता. तिनं अंगठ्याचं नख दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख पांढरंच राहिलं, रंग परत यायला फार वेळ लागला.

"याला आत्ताच्या आत्ता परत न्यायचं. रक्त आतून पाझरायला लागलंय."

"ताप उतरलाय त्याचा! सकाळी हसत होता."

"बेनचाही उतरला होता."

थोमनं पोराला असं आवळलं की ते कण्हलं. मग तिचा बांधच फुटला. "तुम्ही रक्त काढलंत आणि बेन गेला. आज पुन्हा काढलंत. माझ्या घरात पोर राहू द्यायचं नाही असं ठरवलंय का तुम्ही? म्हणून तर नाव चोरलं मी. नोंदणीच्या खिडकीवरच्या पोरीला बेनचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. तिला कॉम्प्युटरात बेन सापडला. आधी येऊन गेलाय का म्हणाली, मी हो म्हटलं. वयानं लहान दिसतो म्हणाली, मी म्हटलं पोटात जंत आहेत. ज्याला एकदा नेलाय त्याला पुन्हा न्यायला कोण येईल? येणारे येतील, नाव बघतील आणि हा आपलाच म्हणून परत जातील."

कॉम्प्युटरात बेन जिवंतच होता, ते लोआनला आत्ता कळलं. त्या वेळी डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा घरच्यांनी त्याला श्वासाची पिशवी दाबत होडीतून घरी नेलं होतं. सगळे तसंच करतात. घराबाहेर मेलेल्याला घर लागत नाही म्हणतात.

"पोचला होता का घरी?" तिनं विचारलं.

"नदीच्या मध्यावर गेला," थोम म्हणाली. "सासऱ्यांनी घरात घेऊ दिला नाही. अंगणात छपराखाली ठेवला. घर नसलेल्या, भटकणाऱ्या बाहेरच्यांत जमा झालं माझं पोर. हा झाला, तेव्हापासून तिन्हीसांजेला कालव्यावरून कुणीतरी हाका मारतं. जाणत्या बाईनं सांगितलं, याला तुला आई म्हणू देऊ नको, याचं खरं नाव घेऊ नको, नाव घेऊन कुणी हाक मारली तर ओ देऊ देऊ नको. सगळं केलं. वर्षातून एकदा रस्त्यावर पेज ओतते, सगळ्या बाहेरच्यांसाठी. बेनचं नावसुद्धा घेत नाही. घेतलं तर येईल ना."

बोटीनं दुसरा भोंगा दिला. लोआनला आता राग आला.

"त्यांना फसवलंत, बरं केलंत. पण मलाही फसवलंत, बाई. तिकडे यंत्रात याचा आकडा आला आणि मी टाळ्या वाजवल्या. मेलेल्या पोराचा म्हणून! फ्रीझरकडे गेले नसते, तर तशीच आनंदात बसले असते आणि हा तुमच्या कडेवर गेला असता. मध्यावर. त्याच पाण्यात."

थोम पाण्याकडे बघत राहिली. पोरानं तिच्या पाठीवर ओकारी काढली आणि त्याची मान लुळी पडली.

"नाव नको मला त्याचं," लोआन म्हणाली. "कुठलंच नको. नुसता पोरगा द्या."

थोमनं पोरगा दिला.

वॉर्डात सेननं एका हातानं पलंग मोकळा केला आणि दुसऱ्या हातानं शीर शोधली. शीर सापडेना. पोराची नाडी दोऱ्यासारखी झाली होती. सापडली तेव्हा सेनचे ओठ दातांखाली होते. सलाइन जास्त गेलं तर फुप्फुसात पाणी, कमी गेलं तर हृदय कोरडं; म्हणून लोआन थेंबाथेंबावर बसून राहिली. ज्या आकड्यासाठी तिनं इतकी वर्षं घालवली होती, त्याचा आता काही उपयोग नव्हता. त्यानं सांगायचं ते सांगून टाकलं होतं.

पोर मधूनमधून बोलत होतं. आईशी नाही, लोआनशीही नाही. पलंगाच्या पायथ्याशी बघून बोलायचं.

"सरक ना," असं एकदा म्हणालं. आणि थोड्या वेळानं, "माझ्याकडे नाही."

"कुणाशी बोलतोय गं हा?" सेननं हळूच विचारलं.

"मेंदूला रक्त कमी पडतंय," लोआन म्हणाली. पायथ्याशी कुणी नव्हतं. तरी औषध घ्यायला पलीकडे जाताना ती तिथून न जाता उशाकडून फिरून गेली, आणि सेननंही तेच केलं. दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

थोम भिंतीशी उकिडवी बसली होती. एकदा तिचे ओठ हलले तेव्हा ती पोराच्या खऱ्या नावाची हाक मारणार असं लोआनला वाटलं. पण थोमनं स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला.

अंधार पडायच्या आधी पोराचे तळपाय कोमट झाले. लोआननं नख दाबलं, सोडलं, आणि त्याच्यात गुलाबी रंग भरला. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा भरला. मग ती पलंगाच्या कडेवर बसली आणि सगळ्या वॉर्डादेखत रडली. सेन म्हणाली, "झालं, थंड नवऱ्याच्या बायकोला पाझर फुटला," आणि स्वतःचेही डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोआन आली तेव्हा पोरगा उशीला टेकून बसला होता. थोम त्याला पेज भरवत होती. फुंकर मारायची, चमचा द्यायची. लोआननं त्याचे डोळे बघितले, पोट दाबून बघितलं. सगळं ठीक होतं. काल तिला मिळालेला आकडा आता खऱ्या अर्थानं तिचा झाला होता.

"काय रे बेडक्या, काल कुणाला सरकायला सांगत होतास?" तिनं सहज विचारलं.

"त्या दादाला," पोरगा म्हणाला. "पायावर बसला होता माझ्या. सगळा ओला."

थोमचा चमचा हवेत थांबला.

"काय म्हणत होता?" लोआननं विचारलं, आणि विचारायला नको होतं असं तिला लगेच वाटलं.

"माझं नाव दे म्हणत होता. मी म्हटलं माझ्याकडे नाही. तो म्हणाला आहे, तुझ्या हाताला बांधलंय." पोरानं मनगटावरची इस्पितळाची पट्टी दाखवली. "खूप दिवस कुणी त्याला हाकच मारली नाही म्हणाला. मग काल दुपारी नदीवर कुणीतरी मारली, म्हणून आला. मला वाईट वाटलं. मी म्हटलं घे बाबा, तुझंच आहे तर."

"आणि मग?"

"मग तो म्हणाला, तुझं कुठलं? तर मी सांगितलं."

"काय सांगितलंस?" थोमनं विचारलं.

"माझं खरं नाव. बाबांनी सांगितलंय मला, गुपचूप. मावशीला सांगू नको म्हणाले." त्यानं आईकडे चोरून पाहिलं. "चुकलं का? तो रागावला नाही. छान आहे म्हणाला. मग उठून गेला."

वॉर्डात पोरं रडत होती, बादल्या वाजत होत्या. पाच वर्षं या बाईनं ज्याच्यापासून पोर लपवलं, त्यालाच पोरानं आपलं नाव देऊन टाकलं होतं. आता ही किंचाळणार, पोर उचलून पळणार, असं वाटून लोआननं दार अडवायला पाऊल उचललंही.

थोमनं हातातला वाडगा पलंगावर ठेवला. पोराच्या पायाशी चादर जरा चुरगळली होती, तिथे तिनं तळहात टेकवला आणि तसाच राहू दिला.

"काही खाल्लं होतं का रे त्यानं?" तिनं विचारलं.